टॅनरी ओढ्याची शीव

११ फेब्रुवारी

रद्द! राज्याच्या कचेरीतून दोन ओळींचं पत्र. ‘सदर जमीन संधारण मंडळाच्या हद्दीबाहेर असल्याने काठबांधणीचे काम करता येत नाही.’ सदर जमीन म्हणजे आल्डन प्रुइट यांचं शेत. मी आठ वर्षं या मंडळाची चिटणीस आहे. आल्डन त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या हद्दीत आहेत.

गेल्या वर्षी राजधानीत कायदा झाला — राज्यातल्या सगळ्या संधारण मंडळांच्या हद्दी एकदाच्या लिहून काढायच्या. आमची, म्हणजे गावाचीच शीव, लिहिली ती अशी: ‘पूर्वेस टॅनरी ओढ्याचा मध्य.’ पण मोठ्या पुरात ओढ्याने पात्र बदललं. पूर्वी तो आल्डनच्या शेतापलीकडून जायचा, आता गोठ्याच्या अलीकडून जातो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. कायदा लिहिणाऱ्यांना नाही.

गोठ्यापासून काठ आता एकोणीस पावलांवर. पानगळीच्या दिवसांत सत्तावीस होता.

१२ फेब्रुवारी

आल्डनना सांगायला गेले. ते दूध काढत होते.

‘म्हणजे आता मी कोणाच्या मंडळात?’

‘कोणाच्याच नाही. पलीकडच्या मंडळाच्या कलमातही तुमचं शेत नाही.’

‘अरे वा. ऐकलंत का गं बायांनो?’ — हे गायींना — ‘आजपासून आपण परदेशात.’

मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘उन्हाळ्यातल्या पावसापर्यंत टिकेल का गं काठ, थिया?’

टिकेल, मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे.

२० फेब्रुवारी

आमच्या आमदार ट्रेडवेबाईंना तिसरा फोन. आज लागला. ‘हे बघा, ओढ्याची हद्द सगळीकडे असतेच. सोपी पडते.’ कोणाला सोपी? एकदा येऊन बघा म्हटलं. म्हणाल्या, बर्फ वितळल्यावर पाहू. बर्फ वितळल्यावर पाहायला काठ तर उरला पाहिजे ना, बाई!

४ मार्च

गावसभा. मी उठले आणि बोलत सुटले. गरम खोल्यांत बसून, पायाला चिखल न लागता आमची शीव ठरवणारे लोक — असं बरंच काही. टाळ्या पडल्या. आवडल्या, खोटं कशाला लिहू. माजी पंच कॉर्लिस वेड मात्र बीन्स-पावाचं जेवण न घेताच निघून गेला. एरवी तो दोनदा वाढून घेतो.

१४ मार्च

माझ्या तक्रारीला विधिमंडळाच्या कचेरीतून उत्तर आलं. नम्र, व्यवस्थित. हद्दीचं वर्णन त्यांनी मनाने लिहिलेलं नाही. ‘आपल्याच गावच्या सहा वर्षांपूर्वीच्या शीवफेरीच्या नोंदीवरून शब्दशः.’ सोबत प्रत. ‘आम्ही खालील सही करणारे संपूर्ण शीव प्रत्यक्ष चाललो. पूर्वेस ओढा, पूर्वीप्रमाणेच.’ खाली तीन सह्या. तिसरी माझी.

१५ मार्च

आठवतंय सगळं. नोव्हेंबर, गारांचा पाऊस. दर सात वर्षांनी पंचांनी गावाची शीव पायी चालायची, दगडी खुणांना रंग द्यायचा — आजोबांच्या काळापासूनचा नेम. त्या वर्षी मीही पंच होते. तीन बाजू चाललो. पूर्वेची बाजू शेवटची. विल्बर स्टॅनर्डने ट्रक थांबवला, डोनटचा खोका उघडला. कॉर्लिस म्हणाला, ‘ओढा काय पळून जातोय?’ तिघं हसलो. मागची नोंद मांडीवर घेऊन मी ती ओळ उतरवली. मीच. माझं अक्षर चांगलं म्हणून.

ओढा केव्हाच पळून गेला होता. आणि ते मला ठाऊक होतं. पण काचेवर गारा वाजत होत्या आणि मला घरी जायचं होतं.

१६ मार्च

चिखलाचे बूट घातले होते त्या दिवशी. ट्रकमधून उतरले नाही.

१९ मार्च

कॉर्लिसकडे गेले. तो मेपलचा रस आटवत होता, वाफेत तोंड दिसेना.

‘नकाशा चुकला म्हणून सांग. नकाशाला वाईट वाटत नाही.’

‘आपण शपथेवर लिहिलंय, कॉर्लिस.’

‘विल्बर सुटला मरून. आता मला या वयात खोटारडा ठरवतेस होय? सगळी गावं असंच करतात, बाई!’

करत असतील. तोच तर माझा राग आहे — आणि आता तो फिरून माझ्याच दारात उभा आहे. गावसभेतलं भाषण आठवलं की कानशिलं तापतात.

२ एप्रिल

विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष. सगळं सांगितलं. डोनटसुद्धा, गाळणं बरं वाटेना. कॉर्लिसचं नाव घेतलं नाही, पण नोंदीवर आहेच.

अध्यक्ष म्हणाले, ‘म्हणजे न चाललेली शीव चालल्याचं आपण लिहून दिलंत?’

‘हो.’

दुरुस्ती मात्र लगेच मान्य झाली: ओढा नव्हे, जुन्या दगडी खुणांची रेघ. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! आणि लागू कधी? एक जुलैपासून. ‘सगळेच कायदे एक जुलैला लागू होतात.’ तोवर तिथे फावडंही लावायचं नाही. मी विचारलं, काठ कोसळत असेल तरी? अध्यक्षांनी चष्मा पुसला. मी ओरडायला हवं होतं. पण कोणत्या तोंडाने?

३ एप्रिल

आल्डनना स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, ‘त्या दिवशी मी घरीच होतो गं. हाक मारली असतीस तर दाखवला असता ओढा.’

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ मे

मंडळाने मला पदावर राहू दिलं. तीन विरुद्ध दोन. दोन बरोबर होते असं अजून वाटतं.

काठ अकरा पावलांवर. वाळूच्या पोत्यांची परवानगी मागितली. नाकारली — हद्दीबाहेर.

२७ जून, शुक्रवार

दुपारी तीन तास पाऊस. गोठा गेला. गायी वेळेत बाहेर काढल्या, आम्ही दोघांनी.

कायदा मंगळवारपासून लागू.

आल्डन दोरी गुंडाळत म्हणाले, ‘कुणीतरी ओढ्याला कळवायला हवं होतं.’