सोडून ठेवलेला दोर

प्रिय बा,

तुला वाचता येत नव्हतं, मग पत्र कायले, असं तू म्हणशील. पण काल दुपारी एक गोष्ट झाली आणि सात वर्षं पोटात धरून ठेवलेला तुझ्यावरचा राग एकदम वर उसळला. सांगू तरी कोणाला? म्हणून दवाखान्यातल्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले आहे. हो, दवाखान्यातल्याच! तुझी शेवंता नर्सबाई झाली, बा. तू गेल्यावर झाली, हेच तर माझं भांडण आहे.

तुझी बैलबंडी बांधावरून उलटली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. धानाचे भारे आणत होतास आणि भाऱ्यांसकट बंडी तुझ्या कमरेवर आली. माय तर त्याआधीच गेली होती, भाऊ-बहीण कोणी नाही. नागपूरच्या दवाखान्यातून तुला आणलं ते थेट बाजेवरच ठेवलं. उजवा पाय लाकडासारखा, डाव्यात थोडा जीव. तेव्हापासून तुला धुणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं माझ्याकडे आलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मैत्रिणींच्या हळदीला जाऊन आले की दोन दिवस मी भांडी आपटत असायची. तुला समजायचं ना? समजत असेलच, तू तेवढे दोन दिवस भाजी अळणी झाली तरी बोलायचा नाहीस.

आणि तुझं ते राम राम! दारात कोणी आलं की बसून राम राम घ्यायचा नाही, ही तुझी जन्माची सवय. पाय गेले तरी सवय गेली नाही. शेवटी भारे बांधायचा दोर मी समोरच्या सपरीच्या वरच्या आडव्या मयालीला बांधून दिला, अगदी तुझ्या बाजेवर येईल असा. पाहुणा अंगणात दिसला की तू दोन्ही हातांनी दोर धरायचास, दात आवळून स्वतःला वर ओढायचास, डाव्या पायावर क्षणभर उभा राहायचास आणि म्हणायचास, "राम राम, या." मग धपकन खाली. मी ओरडायची, "पडशीन ना गा!" तू म्हणायचास, "पडलो तं पडलो. बसल्या बसल्या राम राम घेते तो माणूस कायचा?"

मग एक्क्याऐंशी साल आलं. मी एकवीसची झाले आणि भंडाऱ्याहून नर्सिंगचं पत्र आलं. दीड वर्षाचं शिक्षण, तिथंच राहायचं, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. आठवतं? ते पत्र तू माझ्याकडून चारदा वाचून घेतलं होतंस. पण तुझ्याजवळ कोण राहणार? कोंढ्याची आत्या यायला तयार होती, फक्त तिचं खाणंपिणं कुठून करायचं हा प्रश्न होता. दीड एकर शेती बटाईला, त्यात आपल्या दोघांचंच कसंबसं भागायचं.

तेव्हा सरकारचा निराधारांचा महिन्याचा पगार नवा नवा निघाला होता. पटवारीच घरी येऊन सांगून गेला, "शेवंता, तुह्या बापाले भेटते हा पगार. पोरगा नाही, पाय नाही. फॉर्म भरून दे, साहेब घरी येऊन पाहून जाईन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन गोष्टी सांभाळजो. तो दोर काढून ठेव. तुहा बाप त्याले धरून उभा राहिला तं साहेब म्हणन, हा तं उभा होते! आन सांभाळणारं कोणी आहे काय म्हणून विचारलं तं म्हणा, कोणी नाही. बस, तेवढ्यावरच आहे सारं."

आठ दिवस मी तुला शिकवलं. पदर कमरेला खोचून मीच साहेब व्हायची, अंगणातून चालत यायची, तांब्या काखेत फायलीसारखा धरून. "राम राम, नाव काय तुमचं?" तू हसायचास, "चल हट! साहेबाचं तोंड असं रायते काय?" नावगाव, पाय, शेती, सगळी उत्तरं तू बरोबर द्यायचास. पण सांभाळणारं कोणी आहे काय, असं विचारलं की तुला तहान लागायची. "पाणी दे पहिले." पाणी आणेपर्यंत तो प्रश्न राहून जायचा. मला तेव्हाच काहून समजलं नाही?

साहेब यायच्या दिवशी सकाळी तू आंघोळीनंतर डोळे मिटून पडला होतास. मी पाटावर चढून दोर सोडला आणि धान साठवायच्या ढोलीमागं लपवला. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणूनच नाही विचारलं.

साहेब आणि पटवारी आले. शाळेतून मागून आणलेल्या दोन खुर्च्या मी मांडल्या होत्या. अंगणात साहेबाचे बूट वाजले आणि तुझे दोन्ही हात सवयीनं वर गेले. दोर नव्हता. हात तसेच वर राहिले. तू मयालीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस, एकदाच. हात खाली घेऊन म्हणालास, "राम राम साहेब. माफी करा, बसूनच करून राहिलो."

मला हायसं वाटलं, बा. लाज वाटायला पाहिजे होती. मी मनात म्हणत होते, निभलं, अर्धं निभलं!

साहेब चांगला माणूस होता. त्यानं पाय पाहिला, शेती विचारली, पाणी पाहिजे काय म्हणून तुलाच विचारलं. पेन चालत होता. मी दारात पाण्याचे गिलास घेऊन उभी होते. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला सांभाळणारं कोणी आहे का?"

पटवाऱ्यानंच मदत केली, "कोणी नाही ना गा? नाही म्हणून सांग साहेबाले."

तू माझ्याकडे पाहत होतास. आणि तू म्हणालास, "काहून नाही? हे काय, दारात उभी आहे! माही शेवंता आहे ना. पाच वर्सं झाले साहेब, लेकरावानी सांभाळून राहिली मले. साऱ्या गावाले विचारा."

पेन थांबला. "मग तुम्ही निराधार कसे, बाबा?"

"निराधार कायले राहीन मी?" तू म्हणालास. वरून हसलासही! पटवाऱ्यानं कपाळाला हात लावला. साहेबानं दोन ओळी लिहिल्या, पाणी प्यायला आणि दोघं निघून गेले. निघताना तुला म्हणाला, "मुलगी चांगली आहे तुमची." काय करू त्या चांगलीला? चुलीत घालू?

ते वेशीपर्यंत पोचले नसतील, तोच मी तुझ्यावर किंचाळले. "काय केलं गा हे? एक शब्द म्हणायचा होता! जीभ झडली असती काय?" तू हळूच म्हणालास, "खोटं होतं ना ते, पोरी." मी म्हणाले, "कागदावरचं खोटं कोणाले टोचते?" तू वर मयालीकडे पाहून एवढंच म्हणालास, "दोर बांधून दे."

मी नाही बांधला. तीन दिवस नाही बांधला. तुझं खाणंपिणं, आंघोळ सगळं वेळेवर केलं, फक्त दोर ढोलीमागंच ठेवला. त्या तीन दिवसांत दोन पाहुणे येऊन गेले आणि दोन्ही वेळा तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलंस. मला ते सोंग आहे हे दिसत होतं. चौथ्या दिवशी मी दोर बांधला. तू हातानं ओढून गाठ पाहिलीस. त्याच्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. का नाही बोललो, बा? दोन वर्षं होती आपल्यापाशी!

भंडाऱ्याची ती जागा गेली. दोन वर्षांनी तू गेलास आणि मी पुन्हा अर्ज केला. तुझ्या तेरवीला आत्यासमोर मी बोलून गेले, "बापानं वाट अडवली ते मरेपर्यंत." आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. तू ऐकलं असशील तर ऐकलं असशील. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

आता कालचं सांगते.

माझी नेमणूक आहे त्या गावात जनाबाई म्हणून एक आहे. डोळे पूर्ण गेलेले. घरात एकोणीस वर्षांची एक पोरगी, मीरा. पाणी भरते, मायला हात धरून बाहेर नेते, धानाच्या रोवणीला जाते, रांधते. जनाबाईचा निराधारचा फॉर्म मीच भरला. आणि काय शिकवायचं ते मला तर पाठच होतं! सांभाळणारं कोणी आहे काय म्हणून विचारलं तर कोणी नाही म्हणायचं. जनाबाईकडून मी तीन दिवस घोकून घेतलं. या खेपेस चूक होऊ द्यायची नाही, असं ठरवूनच बसले होते.

काल साहेब आला. मीही तिथंच होते, नर्सबाईचं म्हणणं लागते म्हणून. प्रश्न आला. जनाबाई खणखणीत बोलली, "कोणी नाही साहेब. या जगात माहं कोणी नाही."

साहेबानं मान वर न करता लिहून घेतलं, कागदाला तेवढंच पुरे होतं. काम झालं! माझ्याच्यानं हसू आवरेना. आणि माझं लक्ष दाराकडे गेलं. मीरा पाण्याचे गिलास घेऊन उभी होती. तिला सगळं माहीत होतं, बा. शिकवताना ती बाजूलाच बसलेली होती, एकदा तर मायला चुकल्यावर तिनंच सुधारलं होतं. तरी तिचं तोंड असं झालं की माझ्यानं पाहवेना. तिनं गिलास उंबऱ्यावर ठेवले आणि ती परसात निघून गेली. जनाबाई हाक मारत राहिली, "मीरा, साहेबाले पाणी दे वो." तिला काय दिसणार!

तुला दिसत होतं. मी दारात उभी होते, तुझ्यासमोर, हातात गिलास घेऊन. माझ्याकडे पाहत पाहतच तू बोललास. सात वर्षं मी म्हणत आले, माझ्या बापाला एक शब्द बोलता आला नाही. तो शब्द काल मी माझ्या कानांनी ऐकला. माझ्यावर ऐकायची वेळ तू येऊ दिली नाहीस, बा.

राग पूर्ण गेला असं समजू नकोस. जनाबाईला पगार मिळेल आणि मिळायलाच पाहिजे. मीराही पुढं काही शिकेल, तिच्या मागंच लागणार आहे मी. तुला मिळायला पाहिजे होता आणि मला वेळेवर भंडाऱ्याला जायला मिळायला पाहिजे होतं. सांभाळणारी पोरगी आहे म्हणून बापाचा पगार कापायचा, हा कुठला न्याय? तिच्या पोटाचं कोण पाहणार? हे मी काल साहेब निघताना, कोणाचं नाव न घेता, त्याला तोंडावर विचारलं, तो नियम म्हणाला. पण तो दोर मी चोरला, तीन दिवस तुला पाहुण्यांसमोर तोंड लपवायला लावलं, ते माझं पाप आहे. ते मी कोणत्याच नियमावर ढकलत नाही.

दोर माझ्याजवळ आहे. या क्वार्टरला मयाल नाही, म्हणून खुंटीला अडकवून ठेवलेला आहे.

तुला वचन देते, बा. फॉर्म मी भरत राहीन, उत्तरंही शिकवीन, त्यात कसूर करणार नाही. पण तो प्रश्न यायच्या आधी घरातल्या पोरीला हंडा देऊन मी दूरच्या विहिरीवर पाठवीन. साहेबाला तहान लागली तर मी स्वतः पाणी देईन.

तुला सांभाळणारी,
शेवंता