नळाच्या पाण्याला वास

१० ऑक्टोबर १९९४

समृद्धीला कावीळ! शेजारच्या गंगाबाईची पोर, सहा वर्षांची. गंगाबाई मासळीची पाटी रस्त्यातच टाकून दारात आली – "ताई, पोरीचं डोलं बगा ना, हळदीवानी झालंत." दोघी तिला घेऊन पनवेलला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलीय. नळाला महिनाभर वास येतोय. पंचायतीला किती वेळा सांगायचं?

११ ऑक्टोबर

आम्ही बायका हंडे घेऊन पंचायतीत. सरपंच काळूराम म्हणतात, "उकळून प्या." मी जे ओरडले! पोर गेल्यावर येणार का बघायला? माझाच आवाज मला ओळखू येईना. शेवटी कबूल झाले – पाइप उकरून बघतो.

१३ ऑक्टोबर



सकाळी आमच्या घरामागे चर खणला. पाइपाला भोक. आणि बरोब्बर त्यावर आमच्या संडासाची टाकी पाझरतेय. आमची! मे महिन्यात मी माहेरी आपट्याला होते, तेव्हा यांनी बांधून घेतली. परवानगी? "कोण घेतं इथे?" म्हणाले. इतकं सहज!

काळूराम मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, माझी माणसं तोंड उघडणार नाहीत. पाइप सांधतो, चर बुजवतो. तुम्हीपण आता पंचायतीवर ओरडू नका. मिटलं." यांनी मान डोलावली.

आणि मी – गप्प उभी!

१४ ऑक्टोबर

सांगितलं. चराच्या काठावर, सगळ्या बायकांसमोर. टाकी आमची. घाण आमची. गंगाबाई तोंडाला पदर लावून निघून गेली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर!

हे माझ्याशी बोलत नाहीत. टाकी तोडायला गवंडी मात्र त्यांनीच बोलावला.

१५ ऑक्टोबर

समृद्धीनं पेज खाल्ली म्हणे. मला त्यांच्या घरात जायचा धीर झाला नाही.

१६ ऑक्टोबर

गंगाबाई आली. उंबऱ्याच्या आत येईना. "भोक आमी पाडलंय, ताई. चोरून नळ घेतलेला. खणायच्या आदी नळी काढून टाकली. नळासाटी अर्ज केलेला तवा सरपंच नुसता बोलं – देतो, देतो. तीन वरसं झाली. पोरीला ते पानी मीच पाजलं ना!"

मी तिचा हात धरला. चपला घातल्या. भोकाचं सांगायला आणि अर्जाचं विचारायला दोघी पंचायतीत निघालोय.