साक्षीदाराची खुर्ची

प्रिय बडबडे,

काल आईचा फोन आला. तू साक्षीला जाणार नाही म्हणतेस. कारण विचारलं तर एवढंच म्हणालीस म्हणे, की तो समोर बसलेला असेल. आई रडत होती, तिला मी दटावलं, पोरीच्या मागे लागू नकोस म्हणून. फोन ठेवला आणि मग मीही रडले. नकार दिलास म्हणून त्याने तुला ऑफिसच्या जिन्यात धरून मारलं, आणि आता तोंड लपवायची वेळ तुझ्यावर यावी, याचा मला इतका संताप आला की भांडी घासताना एक कप फुटला. तुझाच, निळा. नवा घेऊन देईन.

जायचं नसेल तर जाऊ नकोस, हे आधीच सांगते. पण त्याआधी आमच्या समितीची एक गंमत ऐक. पेपरात छापून आली आहे, तेव्हा मी काही गुपित फोडत नाही. नवा फौजदारी कायदा नीट अमलात येतो का, हे पाहायला विधानसभेने आमदारांची समिती नेमली आहे आणि तिथलं बोलणं टिपून घेणारी मी, हे तुला ठाऊकच आहे. पीडितेला (हा शब्द मला मुळीच आवडत नाही, पण कायद्यात तोच आहे) साक्ष देताना आरोपी दिसू नये, म्हणून मध्ये पडदा लावायची आता सोय आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, पडदे पोचले का? अधिकारी छाती फुगवून म्हणाले, सगळीकडे पोचले, आणि अजून एकालाही डाग लागलेला नाही. बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, म्हणजे एकही वापरला नाही, असंच ना? खरंच तसं होतं. मळले तर जाब कोण देणार, म्हणून पडदे प्लास्टिकसकट कोठीत कुलूपबंद. लिहिता लिहिता मला हसू फुटलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

बाईंनी सगळ्या समितीला उचलून थेट न्यायालयात नेलं. ते नेमकं तुझा खटला चालू आहे तेच निघालं. तिथे एकेका आमदाराला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं आणि आरोपीच्या जागी शिपायाला उभं केलं. आमच्यातले एक धिप्पाड आमदार, बैठकीत सारखे कोट्या करणारे, बसताक्षणीच उठले. हा तर अंगावरच येतो हो, म्हणाले. मग पडदा लावून त्यांना पुन्हा बसवलं. या वेळी ते बराच वेळ बसून राहिले. कोठीतले बाकीचे पडदेही त्याच दिवशी बाहेर आले.

सगळे चहाला गेल्यावर मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. तिचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली कागदाची घडी सरकवून आले. तिथून न्यायाधीशांचं टेबल दिसतं आणि उजवीकडची खिडकी. पडद्याला कोऱ्या कापडाचा वास येतो. मी मान वाकडी करून पाहिली, अर्धवट उठून पाहिलं, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. आवाज मात्र येतो. तो खोकला तर तुला ऐकू येईल, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आता खरं सांगते. साक्ष देताना आपल्या विश्वासाचं एक माणूस शेजारी बसवून घेता येतं. कोण, ते तू ठरवायचं. आईचं नाव दे, मैत्रिणीचं दे, किंवा जाऊच नकोस. मी रुसणार नाही, निदान फार दिवस नाही. फोनवर विचारलं असतं तर माझं मन राखायला तू लगेच हो म्हणाली असतीस, म्हणून लिहून विचारते आहे. त्या तारखेची रजा मी टाकून ठेवली आहे. शेजारच्या माणसाला तिथे बोलता येत नाही, नुसतं बसता येतं. तुझा हात धरून मी बसू का?

तुझीच,
ताई