स्मरणरंजनातलं उणं

परळ,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मीनाक्षीस भाऊजींचे अनेक आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात गिरगावच्या आमच्या शाळेतला तो आवाज घुमतोय. कवितेच्या तासाला पहिली ओळ मुलांनी म्हणायची, दुसरी मुलींनी. त्या गलक्यात तुझ्या ताईचा आवाज सगळ्यांच्या पुढे धावायचा. मास्तर म्हणायचे, "लक्ष्मी, सावकाश! कोकणची बोट सुटत नाहीये गं!"

इकडे सर्व ठीक. कामाला येणारी दर्शना आठवडाभर कणकवलीला गेलीय, एवढीच काय ती अडचण. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. कान हल्ली दगा देतात.

दादरच्या मानसशास्त्राच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा तू हसली होतीस. उद्या माझी पाळी आहे. एक संशोधन-लेख वाचून वर्गापुढे त्याचं परीक्षण करायचं. माझ्या वाट्याला आलाय स्मरणरंजनावरचा. जुने दिवस आठवले की माणसाचं एकटेपण हलकं होतं, असं त्यात प्रयोग करून दाखवलंय. मी काय केलं असेल? अख्खा लेख मराठीत उतरवून पाठ केला! परवा मेघना मॅडमना म्हणून दाखवू लागलो, तर नकळत चालच लागली.

"काका, पाठांतर नकोय. लेखात उणं काय, ते सांगा."

"छापलेल्यात उणं कसं काढायचं, मॅडम?"

मागच्या बाकावरचा पोरगा, राजस, म्हणाला, "आमच्यात काढता तसंच, काका!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला.

एक उणं सापडलं. प्रयोगातली सगळी माणसं कॉलेजातली. विशीतल्या पोरांना भूतकाळ तो केवढा! पण खरं उणं दुसरंच आहे, आणि ते उद्या उभं राहून बोलता येईल का, याचीच धास्ती आहे. त्यांनी प्रत्येकाला एकेकटं बसवून आठवायला लावलं. ज्या माणसाबरोबरची आठवण, त्यालाच ती उरली नसेल तर? मग एकटेपण हलकं होतं की दुप्पट, हे कुणी मोजलंच नाही.

कान ठणठणीत आहेत गं. तू "ताईला फोन द्या" म्हणतेस, म्हणून उचलत नाही. गणपतीपासून ती मला "आपण कोणाकडे आलात?" असं विचारते. चहासुद्धा विचारते, पाहुण्याला विचारावा तसा. दर्शना येते ती तिच्यापाशी बसायला. 'मीनूला कळवू नका' असं ताईनेच, कळत होतं तेव्हा, बजावलं होतं. उद्या तिला कुणाच्या भरवशावर सोडू? न जावं, तर वर्गच सुटतो. मला ओळखणारी माणसं आता तिथेच भेटतात.

तरी तू काळजी करू नकोस, यायची तर मुळीच घाई नको. ती आत शांत झोपलीय. मी गॅलरीत बसून लिहितोय.

दार वाजतंय. बघतो.

पुन्हा लिहायला बसलोय, घाईतलं अक्षर लावून घे. दारात कोपऱ्यावरच्या इस्पितळाचा वॉचमन शिवा, आणि त्याचा हात धरून लक्ष्मी. अनवाणी! ती बाहेर पडली कधी, मला पत्ताच नाही.

"आजोबा, ह्या तुमच्याच ना? आमच्याकडे केसपेपरच्या लायनीत उभ्या होत्या. घर विचारलं तर नुसतं बहिणीचं नाव सांगतात. फळवाल्याने ओळखलं म्हणून बरं."

मी हात पुढे केला. तिने शिवाचा हात सोडला नाही. माझ्याकडे बघून अदबीने म्हणाली, "मला मीनूकडे पोचवाल का? ती मला ओळखते."

हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल. आत्ता मीच फोन लावतो, आणि तू मागायच्या आधी ताईच्या हातात देतो. तू ये, मीनू.

वाट पाहतोय. तीही, मीही.

भाऊजी