जीप विकू नका, गाडी चढते

फोन तुम्ही ठेवलात मामा, मी नाही ठेवला. वर मामीला सांगितलंत म्हणे की भाच्यानेच तोडला, चार पैसे मिळवायला लागला तसा मामाशी बोलायला वेळ नाही त्याला. मी "मला नवी गाडी" एवढंच म्हणालो होतो, "नको" अजून तोंडातच होतं, तोवर तुम्ही जीपला गिऱ्हाईक बघितलंत, इसार घेतलात आणि फोन खाली ठेवलात. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, मध्येच रागाने टाकून दिलं तरी उचललं की तिथूनच पुढे बोलायला लागतं.

तर तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग दंडवत (आधी हेच लिहायचं असतं, पण राग आधी आला). तुमची साखर कशी आहे? खरी सांगा, मामी शेजारी बसलेली असताना सांगता ती नको. मामीच्या गुडघ्याला तेल लागतंय ना, का पुन्हा बाटली देव्हाऱ्यामागे जाऊन बसली? मी इथे खुशाल आहे. जेवण वेळेवर, झोप भरपूर, केस गळतात, पण तो आपल्या घराण्याचा प्रश्न आहे, त्यात लॉन्ड्रीचा दोष नाही.

आता मुद्द्याचं. (मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे मास्तर सातवीपर्यंत सांगत होते, पुढे मी त्यांना ती संधी दिली नाही.) आमच्या बाईंनी, म्हणजे जिचे कपडे मी गाडीतून पोचवतो त्या लॉन्ड्रीच्या मालकिणीने, मला बोलावलं. बाई बोलताना वर बघत नाहीत, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत राहतात, आणि घडी जेवढी बारीक तेवढी बातमी वाईट. त्या दिवशी अभ्रा रुमालाएवढा झाला होता. म्हणाल्या, डोंगरावरच्या हॉटेलच्या चादरी आपल्याकडे आल्यात, पहिल्या तारखेपासून रोज वर जायचं, तुझी गाडी चढणार नसेल तर काम टेम्पोवाल्याला देते. आता टेम्पोवाला फक्त डोंगर घेऊन थांबणारा माणूस नव्हे. खालचे दवाखाने आणि लॉज त्याच्या वाटेवरच पडतात, तेही गेले असते, आणि माझ्याकडे उरली असती नुसती गाडी. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तिथेच चुकलं. तुम्हाला कुणी ठेच लागली म्हटलं की तुम्ही पाय बदलायला निघता.

म्हणालात, ते खेळणं भंगारात घाल, नवी गाडी घे, पैसे मी देतो, कुठून ते विचारू नको. विचारायची गरजच नव्हती. आपल्या घरात विकण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, जीप आणि तुमचा स्वभाव, आणि स्वभावाला गिऱ्हाईक नाही. मामी ज्या जीपमधून सासरी आली, मी जिच्या क्लचवर दोन्ही पायांनी उभा राहून शिकलो, जिच्याशी तुम्ही अजून सकाळी उठल्याबरोबर बोलता आणि मामीशी चहा झाल्यावर, ती त्या वीटभट्टीवाल्याला? तो तिच्यात विटा भरणार मामा. सीटवरसुद्धा.

माझी विजेवरची गाडी जुनी आहे, हे मला मान्य आहे. पूर्ण चार्ज केली की नव्वद किलोमीटर दाखवते आणि पन्नासला मान टाकते. तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा बॉनेटला कान लावून, हात ठेवून, चेहरा पाडून म्हणालात, गेलेली आहे रे ही. (तेव्हा ती चालू होती.) तरी तुमचा मान राखायला मी शोरूममध्ये जाऊन आलो. तिथल्या टायवाल्याने मला गार पाणी दिलं आणि माझ्या गाडीकडे असं बघितलं, जसं डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे बघतात. नवी गाडी बोलते. पट्टा लाव म्हणते, दार लाव म्हणते, मागे घेतली तर मामीने पाल बघितल्यासारखी किंचाळते. घरातून एवढ्या लांब मी कशासाठी आलो, मामा? पण आधी भरायचा आकडा टायवाल्याने सांगितला तो बरोबर जीपच्या किमतीएवढा निघाला, तेव्हा मी पाणी पिऊन उठलो.

तिथून गेलो बॅटरीवालीकडे. ही बाई जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासते. दुकान टपरीएवढं, आणि आवाज मात्र स्टेजवरचा. तिने वायरी लावल्या, यंत्र बघितलं आणि जाहीर केलं की आतल्या दोन पेट्या थकल्यात, त्या बदलता येतात, बाकी बॅटरी ठणठणीत आहे. मग ही एवढी खाते कशी? चालवून दाखव म्हणाली, आणि रोजच्या फेरीला माझ्या शेजारी येऊन बसली.

मी रोजच्यासारखी गाडी चालू केली, हीटर लावला आणि हाताची घडी घालून बसलो. तिने विचारलं, कुणाची वाट बघतोयस? मी म्हटलं, इंजिन गरम होतंय. तिने चष्मा पुसला. पुढे वळणावर मागून डबक डबक आवाज आला, तर तिने वळून बघितलं. मी सांगितलं, वीस लिटर पाण्याचा कॅन आहे, चढावर गाडी उकळली तर असावा. तिने पुन्हा चष्मा पुसला. मग लागला उतार. उतारावर मी, तुम्ही शिकवलंत तसं, न्यूट्रल केलं आणि गाडी मोकळी सोडली, तेल वाचवायला. इथे मात्र तिने गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरली आणि कठड्याला धरून इतकी हसली, की एक सायकलवाला थांबून पोटात दुखतंय का विचारून गेला.

मग डोळे पुसत तिने मला समजावलं. या गाडीला गरम व्हायचं नसतं, मी रोज सकाळी तिची वीज नुसती जाळत होतो. उकळायला तिच्यात काही नाही. आणि उतारावर गिअरमध्ये ठेवून नुसता पाय काढला, तर चाकं फिरून फिरून बॅटरीत वीज परत भरतात. न्यूट्रलमध्ये ते सगळं वाऱ्यावर. म्हणजे घेतल्यापासून आजवर प्रत्येक उतारावर गाडी मला पैसे परत देत होती आणि मी मामाचं नाव घेऊन नको नको म्हणत होतो.

"तुला हे शिकवलं कुणी?"

"ज्याने तीस वर्षं घाटात जीप चालवली आणि एक ओरखडा उठू दिला नाही, त्याने," मी म्हटलं. (जरा चढ्या आवाजात. आपल्या माणसाला आपण हसावं, दुकानदाराने हसायचं कारण नाही.)

ती म्हणाली, "शिकवलं बरोबर त्याने. जनावर वेगळं होतं."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन घरी ठेवून, चादरी भरून डोंगर गाठला. चढताना टक्के असे उतरत होते जसे पाहुणे आल्यावर लाडू. मी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, श्वासही जपून घेतला. वर पोचलो तेव्हा अकरा टक्के उरले होते. येताना गिअरमध्ये ठेवून पाय काढला. अकराचे बारा झाले. बाराचे चौदा. मागचा ट्रकवाला हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होता आणि मी एकटा गाडीत ओरडत होतो, पंधरा, सोळा. पायथ्याशी आलो तर वर होते त्यापेक्षा जास्त! खरं सांगा, तुमच्या जीपने कधी घाट उतरून डिझेल परत दिलंय?

तेव्हा ठरलं. गाडी ठेवतोय, थकलेल्या दोन पेट्या तेवढ्या बदलतो. आठ नोकऱ्या सोडल्या, तीन खोल्या बदलल्या, एका जागी न टिकणारा म्हणून घरात नाव पाडलंत माझं. एक वस्तू टिकवतोय तर टिकवू द्या. आणि जीप विकू नका. डोंगर चढायला ती विकायची गरज उरलेली नाही, गाडी चढते.

तुमचा आज्ञाधारक (जिथे आज्ञा डिझेलची नसेल तिथे) भाचा

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून खरं ते लिहितो. आज गाडी हॉटेलच्या दोन वळणं अलीकडे बसली. दोष तिचा नाही, बाईंनी दोन दिवसांच्या चादरी एकदम भरल्या होत्या. टेम्पोवाल्याने दोर लावून वर ओढली आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक लॉजवर थांबून गोष्ट सांगत गेला. उतरताना मात्र ती आपली आपण आली. बाईंनी महिनाभर बघते म्हटलंय. अभ्रा मध्यम घडीचा होता.

ता. क. दुसरा. कुठल्या वळणावर पाय काढायचा, कुठे जोर द्यायचा, हे मी अंदाजाने करतो. तुम्हाला तो रस्ता एकदा दाखवला तर तुम्ही डोळे मिटून सांगाल. आठ दिवस या. माझ्या गाडीत बसणार नाही अशी शपथ घेतलीत, ती मोडू नका, वळणावर उभे राहून ओरडा. बसलात तर उत्तम, तुमचं वजन कॅनपेक्षा जास्त आहे, पण तुम्ही कॅनपेक्षा उपयोगी आहात. आणि जीपनेच या, म्हणजे ती विकली नाही हे मला डोळ्यांनी दिसेल.

ता. क. शेवटचा. वीटभट्टीवाल्याने इसार दहा हजार दिलाय, आणि सौदा मोडणाऱ्याने दुप्पट परत करायचा असं ठरलंय, हे मला मामीने सांगितलं (मामीने सांगितलं हे मामीला सांगू नका). पेट्यांसाठी ठेवले होते तेच बँकेतून धाडतोय. पेट्या पुढच्या महिन्यात बघू, तोवर चादरी निम्म्या निम्म्या करून दोन खेपांत नेईन. पैसे मिळाले की त्याच पावली भट्टीवर जा, चहाला थांबू नका. वीस हजार.