डाव्या मांडीचं माप

पांढुर्णा, मंगळवार संध्याकाळ

आज फिजिओथेरपीवाल्या ताईंनी टेपनं मांड्या मोजल्या. डावी तीन सेंटीमीटर बारीक. कबड्डीत फाटलेल्या लिगामेंटच्या ऑपरेशनला चार महिने झाले, रोज व्यायाम करून राहिली, मग हे कसं? ताई म्हणाल्या, "नुसता पाय हलवून स्नायू भरत नाही. आता डाव्या पायावर भार घे, हळूहळू वाकून उठ." पण नागपूरच्या डॉक्टरांनी तर भार देऊ नको म्हटलं होतं. ऐकू कोणाचं?

घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मले काय समजते, पोरी? डॉक्टरलेच विचार."

फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "अगं, ते पहिल्या सहा आठवड्यांसाठी होतं."

म्हणजे इतके दिवस मी पाय जपला की वाळवला? तीन सेंटीमीटर.

मग बाबांचा खांदा धरून डाव्या पायावर वाकले. गुडघा थरथरला, दुखला नाही. दुसऱ्या खेपेला बाबा न सांगता बाजूला सरकले आणि मी एकटीच उठून उभी राहिले. आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं. कशाचं, ते अजून समजून नाही राहिलं.