ठोकळ्यांची वजाबाकी

ती. आत्या,
वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? ("बरा आहे" हे उत्तर धरणार नाही.)

आधी चूक दुरुस्त करते. नव्याने राहायला आलेल्या निर्वासित मुलांच्या तपासणीत एक चिमुरडी ठार बहिरी निघाली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती बहिरी नाही. तू एव्हाना गल्लीभर हळहळून आली असशील, तर आता पुन्हा गल्लीभर फिर. आणि लसणाचं तेल पाठवू नकोस.

त्याचं असं झालं. कानाला यंत्र लावायचं, बारीक 'टुंई' ऐकू आलं की मांडीवरचा एक रंगीत ठोकळा डब्यात टाकायचा, एवढीच परीक्षा. मी ती चार वाक्यांत समजावली, दुभाषी काकांनी एका शब्दात उरकली. मी आवाज वाढवत गेले, पोरगी ठोकळे पोटाशी धरून ढिम्म. (पापणी लवत होती, ती मी झोप धरली.) 'दोन्ही कानांनी ऐकू येत नाही' असं लिहून मी मोकळी झाले. निकालावर मोठ्या डॉक्टरीणबाईंची सहीही झाली. मग आवरताना, पोरीकडे पाठ करून, मी स्वतःशीच पुटपुटले, "अगं बाई, चष्मा कुठे गेला?" आणि मागून माझ्या, म्हणजे खरं तर तुझ्याच सुरात आलं, "अगंबाई!"

काकांनी तिला विचारलं. आवाज सगळे आले, म्हणाली. पण टाकलेलं परत मिळत नाही, म्हणून टाकलं नाही.

आत्या, मला तुझा बटणांचा डबा आठवला. शाळेत घालायच्या आधी तू मला त्यावर हिशेब शिकवायचीस. पाचातून दोन गेली, राहिली किती? मी मुठी आवळून म्हणायचे, "जाऊच देणार नाही." आणि माझं तर तोवर काहीच गेलं नव्हतं.

मी परीक्षा उलटी केली. ऐकू आलं की डब्यातून एक काढून घ्यायचा. पोरीने डबा रिकामा केला, ठोकळे फ्रॉकच्या खिशात कोंबले आणि निघाली. परत मागायला मी तोंड उघडलं, तर "ये हं" एवढंच बाहेर पडलं.

पण सही झालेला निकाल बाईंच्या समोर पुन्हा परीक्षा घेऊनच बदलता येतो. नाही बदलला, तर गुरुवारी तिला दूरगावच्या मूकबधिरांच्या निवासी शाळेत नेतील, आणि जिचं बोट ती झोपेतही सोडत नाही ती तिची आजी इथेच राहील. बाईंना सांगायला मी रोज जाते आणि पेन मागून परत येते. आता त्यांच्याकडे पेन उरलेलं नाही.

तुझी,
भित्री भागूबाई

ता. क. तो बटणांचा डबा पाठव. पुन्हा परीक्षा घ्यायची, तर तिला घ्यावंसं वाटेल असं काहीतरी हवं. हिरवी बटणं वर ठेव.

ता. क. २ : परत मिळणार नाहीत. पाचातून पाच गेली असं समज.

ता. क. ३ : डबा नाही पोचला तर माझ्या कोटाची बटणं तोडीन, पण सगळी पेनं घेऊन बाईंच्या दारात उभी राहीन. बुधवारी सकाळी.